माय, या वेळी हात पदराबाहेर काढ

ती. माय आणि ती. आप्पा यांना,
साष्टांग नमस्कार.

संक्रांत करून नाशिकला परत येऊन आठवडा झाला, पण अंगणात बसलेली कासारीण डोळ्यांपुढून हलत नाही. साबणाचं पाणी लावूनही बांगडी तुझ्या मुठीवरून सरकेना. तू म्हणालीस, "थंडीमुळे हात सुजेल शेतस." माय, आखाजीला आले होते तेव्हा कुठली थंडी होती? तेव्हाही सुजलेलेच होते.

आणि तुझी कळण्याची भाकरी. तिला हल्ली एका बाजूला जाड कड राहते. मी चुलीजवळ बसून नीट पाहिलं. बोटं सरळ होत नाहीत म्हणून तू मनगटाच्या बाजूने थापतेस, आणि परातीत भाकरी फिरवताना ओठ दाबून धरतेस. एके काळी कापसाची पात धरली की तुझ्यापुढे कोणी जात नव्हतं. त्या हातांची ही गत झाली आहे आणि तू कोणाला कळू देत नाहीस.

दोन वर्षांपूर्वी शिबिरात आपण दिव्यांग दाखल्यासाठी गेलो, ते मला अजून सलतं. रांगेत उभं राहता यावं म्हणून तू दुखण्याची गोळी घेऊन आली होतीस. ठेवणीतलं लुगडं, आणि दोन्ही हात पदराखाली. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास? तू म्हणालीस, "समदं करस मी, काई तरास नही." त्यांनी गुडघे वाकवून पाहिले, कागदावर 24 टक्के लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. हाताकडे कोणी पाहिलंच नाही. चूक त्यांचीही आहे, पाच मिनिटांत कोणाचं दुखणं कळतं? पण तू दाखवलंही नाहीस, माय.

आता मी सगळं नीट समजून घेतलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत संधिवाताचं नाव नाही. पण संधिवाताने हातपाय कायमचे अडले असतील तर ते अस्थिव्यंगात धरतात. म्हणून 'संधिवात आहे' एवढं म्हणून भागत नाही, रक्ताचा रिपोर्ट पुढे केला तरी टक्के ठरत नाहीत. सांधा किती वाकतो, जोर किती आहे, काय करता येत नाही, हे मोजतात. पायासाठी जिना चढायला सांगतात, उकिडवं बसायला, मांडी घालायला सांगतात. हातासाठी किल्ली चिमटीत धरायला देतात, पिशवी बोटांना अडकवून उचलायला लावतात. नुसत्या दुखण्याचे गुण मात्र थोडेच असतात. हात आणि पाय वेगळे मोजून एका सूत्राने एकत्र धरतात. मग नुसत्या गुडघ्यांवर 24 येणारच ना?

40 टक्के किंवा त्यापुढे दाखला आला तर संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. दिव्यांगांचे महिना 1,500 चे 2025 मध्ये 2,500 केले आहेत. वय 65 च्या आत लागतं, तू 58 ची आहेस. घरचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत लागतं. आपल्या दोन एकर कोरडवाहूतून हाती काय लागतं ते आप्पांनाच ठाऊक. आप्पा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तेवढा काढून ठेवा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, दिव्यांगांना 75 टक्के सूट आहे, आणि औषधाला दर महिन्याला जळगावची खेप चुकत नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, तेही ग्रामसेवकांना विचारा. दिव्यांग दाखल्याचा अर्ज मी इथून ऑनलाइन भरला आहे. त्याला पैसे लागत नाहीत. कोणी करून देतो म्हणून पाचशे मागितले तर देऊ नका.

माय, तू म्हणतेस, "मी काय लंगडी शे का?" आणि आप्पा, तुम्ही म्हणता, लोक काय म्हणतील. पीकविमा आला की आपण घेतो, अनुदान आलं की पासबुक भरून आणतो. तेव्हा लाज वाटत नाही. मग तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात वाकून ज्या हातांनी आमच्या शाळेच्या फिया भरल्या, त्यांच्यासाठी दोन कागद करायला कसली लाज? मला तर अभिमानच वाटेल.

खोटं एक अक्षर सांगायचं नाही. जे आहे तेवढंच, पण सगळं सांगायचं. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, हे सांग. कळशी दोन्ही मनगटांनी उचलतेस, लुगड्याचा काष्टा आप्पांना खोचून द्यावा लागतो, हे सांग. लाजू नको, डॉक्टरांपुढे कसली लाज. गोळी घेतली असशील तर तेही सांग. आणि टक्के पटले नाहीत तर कायद्यात अपील आहे, ते मी करीन.

पुढच्या बुधवारी जळगावला तपासणी आहे. मी मंगळवारी संध्याकाळपर्यंत चोपड्याला उतरते, आप्पा, स्टँडवर येऊ नका, मी रिक्षाने येईन. गेल्या वर्षापासूनचे एक्सरे आणि औषधाच्या चिठ्ठ्या कोठीवरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, त्या एका पिशवीत काढून ठेवा. आधार कार्ड आणि दोन फोटोही. माय, रोजचंच लुगडं नेस. सकाळची भाकरी मी थापीन, तू फक्त शेजारी बस.

तुमची लाडकी,
मोठी