फुकटच्या धान्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की, देश अर्थव्यवस्थेत जगात चौथ्या-पाचव्या नंबरला पोचला तरी गरिबी हटत नाही, कारण सरकारनं फुकट धान्य देऊन मजुरांना आळशी करून ठेवलंय. वाचून मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, हेच वाक्य मी मारुतीच्या पारावर बसून निदान पन्नासदा बोललो असेन. चोपडा तालुक्यात माझी सात एकर कपाशी आहे. ऐन वेचणीत माणूस मिळेनासा झाला की आम्हा शेतकऱ्यांच्या तोंडात दुसरं काही येत नाही.

योगायोग असा, की त्याच संध्याकाळी गेल्या हंगामाची, म्हणजे २०२४-२५ ची, वेचणीची वही काढून बसलो होतो. म्हटलं, हे फुकटचं धान्य एकदा मांडून तरी बघू.

पाच माणसांचं कुटुंब. अंत्योदय कार्ड नसेल तर माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो गहू-तांदूळ. बाजारात तीस रुपये किलो धरा. झाले साडेसातशे. माझ्या शेतात बाई दिवसाला पस्तीसेक किलो कापूस वेचते, दहा रुपये किलोनं साडेतीनशे होतात. म्हणजे ज्या धान्यावर मजूर आळशी झाला म्हणतात, ते दोन-सव्वादोन दिवसांच्या वेचणीचं. उरलेले अठ्ठावीस दिवस तेल, मीठ, मिरची, मोबाईलचा रिचार्ज, पोरांच्या वह्या, दवाखाना. एवढ्यावर आळशी होता येत असेल तर मलाही व्हायचंय.

बरं, ते धान्यही सरळ पदरात पडतं का? माझ्याकडे वर्षानुवर्षं येणारी एक बाई आहे, गावाच्या कडेच्या भिल्ल वस्तीतली. वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. डिसेंबरपर्यंत वेचणाऱ्या बाईच्या बोटांची पेरं चिरून चिरून गुळगुळीत होतात. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटेना. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी अंगठा चार-पाचदा पुसून लावला, तरी नाही. मोबाईलवर आकडा येतो म्हणाले, पण आधारला जोडलेला नंबर कधीच्या हरवलेल्या सिमचा. मग तालुक्याला जाऊन आधार दुरुस्ती, त्यात तिसरा दिवस. तीन दिवसांची मजुरी बुडाली, वर गाडीभाडं, आणि हातात साडेसातशेचं धान्य. मी जरा चिडूनच विचारलं, रोज रोज खाडे का? तिनं हात पुढं केला. ‘मना अंगठाच घसाई गया, भाऊ.’

देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली दिलं गेलं ते आमच्या खान्देशातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. त्याच जिल्ह्यात निम्म्याहून जास्त माणसं बहुआयामी गरीब, म्हणजे आरोग्य, शिक्षण, राहणीमान अशा अनेक बाबतींत गरीब आहेत, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात छापलं होतं.

आता वहीचं पुढचं पान. ते लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले.

याच बाईनं पोळ्याच्या सुमारास माझ्याकडून दहा हजारांची उचल घेतली. नवरा खाटेवर पडला होता, खासगी दवाखान्यात पैसे आधी ठेवावे लागतात. ‘मी उचलीवर व्याज घेत नाही’ हे मी गावभर सांगत असतो, आणि घेतही नाही. बोलणं एवढंच, की वेचणी माझ्याच शेतात करायची आणि भाव आठ रुपये. दिवाळीनंतर बाहेरच्या मजुरांचा भाव दहा झाला, तो मी मुकाट दिला. उचलवाल्यांचा आठच राहिला. नवरा बरा झाल्यावर त्या दोघांनी मिळून माझा सुमारे दोन हजार किलो कापूस वेचला. किलोमागे दोन रुपये, म्हणजे चार हजार. दहा हजारांवर चार महिन्यांत चार हजार! याला व्याज म्हणत नाहीत, कारण वहीत तसा रकानाच नाही.

मला मात्र सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं. माझ्या नावावर सातबारा आहे, तिच्या नावावर नाही. दोघंही एकाच शेतात राबतो, एकाच पावसाकडे बघतो. आमच्या घरातून तेव्हाच म्हणाल्या होत्या, ‘तिलाही दहाचा भाव द्या.’ मी म्हणालो, ‘बोली म्हणजे बोली.’

तुम्ही म्हणाल, शेतकरीच कुठे मालामाल आहे? नाहीच. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ होता. माझा कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्यानं नोव्हेंबरअखेर ६९०० नं नेला. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. वाळवून, नोंदणी करून, रांग लावायची तर थांबायला हवं, आणि मुलीच्या कॉलेजची फी थांबत नव्हती. व्यापाऱ्याला गोडाऊन आहे, तो थांबतो. पस्तीस क्विंटलमागे माझे वीस-बावीस हजार गेले. मग मी ते कुठून काढणार? व्यापाऱ्याकडून तर निघत नाहीत. निघतात ते आठ रुपयांतून. देशात पैसा नाही असं मुळीच नाही, जळगावच्या सराफ बाजारात जाऊन बघा. पण ज्याला थांबता येत नाही त्याच्या हातून तो थांबू शकणाऱ्याकडे जातो. ही उतरंड माझ्या दारावरूनच जाते आणि मीही तिच्यातला एक माठ आहे, हे वही सांगते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मी सुकडीच्या आशेनं मागे मागे. पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि काम मागण्याचा हक्क महाराष्ट्रानं देशाच्या कितीतरी आधी दिला. तेव्हाही गावचे बागाईतदार म्हणायचे, रोजगार हमीनं मजूर माजले. माझे वडील त्यांना घरी येऊन शिव्या घालत. आता त्या बागाईतदारांचं वाक्य मी बोलतो, तेही सात एकरांवर.

पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडेही कापूस आहे, पण वेचणी यंत्रानं. मला वाटायचं तिथे गरीब म्हणजे फक्त काम न करणारे. तो म्हणाला, ‘काका, दिवसभर कामावर जाऊन संध्याकाळी फुकट धान्याच्या रांगेत उभी राहणारी माणसं इथं आहेत.’ तिथलं केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवरच अडकलंय. आणि आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावं अशी एक गोष्ट: २०२१ मध्ये सहा महिने सरकारनं बहुतेक आईबापांच्या खात्यात मुलांमागे दरमहा अडीचशे-तीनशे डॉलर टाकले. त्यांच्या जनगणना खात्याच्या पूरक मोजणीत त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. वाढवलेली मदत बंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती १२.४ झाली. एका वर्षात आईबाप दुपटीनं आळशी झाले असतील, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

यंदा मी सगळ्यांना दहाचा भाव लावलाय. फार मोठं काही केलं नाही. मागचे चार हजार अजून दिलेले नाहीत, त्यावर घरात बोलणं चालू आहे.

ज्या वाचकांच्या पत्रावरून हे लिहिलं त्यांना आग्रहाचं निमंत्रण. डिसेंबरात एक दिवस माझ्या शेतात या. सकाळी सातला दव असतं, थोडं भिजाल. कापूस भरायची ओटी आम्ही देऊ, पाणी विहिरीचं, भाकरी तुमची तुम्ही आणायची. संध्याकाळी काट्यावर तुमच्या समोर माप होईल. दहा रुपये किलो. पहिल्याच वर्षी उचल मिळणार नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव

(नाव छापू नये ही विनंती. उचलीचा भाव आमच्या गावात मी एकटाच लावत नाही.)