नियमांचे तपशील हीच कादंबरीची गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धकाळात हॉलिवूडच्या आश्रयाला आलेल्या परदेशी कलावंतांवरील कादंबरीचे परीक्षण रविवार पुरवणीत वाचले. परीक्षण आस्थेने लिहिले आहे, पण ‘सरकारी नियमांचे तपशील कथेला जड होतात’ हा शेरा मला मुळीच पटला नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तिथे राहणारे जर्मन, इटालियन, जपानी नागरिक ‘शत्रुराष्ट्राचे’ ठरले. हिटलर-मुसोलिनीच्या तावडीतून निसटून आलेलेही त्यात भरडले गेले. त्यांना कॅमेरे आणि शॉर्टवेव्ह रेडिओ जवळ बाळगायला बंदी होती. मार्च १९४२ पासून पश्चिम किनाऱ्यावर रात्री ८ ते सकाळी ६ घराबाहेर पडायचे नाही, पाच मैलांपलीकडे जायचे तर परवानगी हवी. ज्याचे पोट कॅमेऱ्यावर, त्याने स्वतःचा कॅमेरा पोलिसांत जमा करायचा! याहून वेगळे नाट्य लेखकाने कुठून आणावे? जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना तर छावण्यांतच डांबले. त्यात बहुतेक जन्माने अमेरिकी. पडद्यावरचे जपानी मग चिनी आणि कोरियन वंशाच्या नटांनी रंगवले.

‘कॅसाब्लांका’ या गाजलेल्या चित्रपटात रूलेटच्या, म्हणजे जुगाराच्या, टेबलावर दिसणारा माणूस आठवतो? तो मार्सेल दालियो, फ्रान्समधला नावाजलेला नट. ‘ज्यू असा दिसतो’ म्हणून नाझींनी त्याच्याच चेहऱ्याची पोस्टर लावली होती. हॉलिवूडमध्ये वाट्याला आली ही एवढीशी भूमिका, तीही श्रेयनामावलीत नाव नसलेली. हाइन्रिश मान यांच्यासारख्या थोर जर्मन कादंबरीकाराला वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीने तुटपुंज्या पगारावर वर्षभरासाठी ठेवले. वर्ष सरले, काम संपले. अशा माणसांच्या गोष्टीतून करारनामे, परवाने आणि शिक्के वगळले तर मागे काय उरते?

कादंबरीतले वाळवंटात उभारलेले बर्लिन परीक्षकांना ‘कल्पनेची अतिशयोक्ती’ वाटले. ते घडलेले आहे. १९४३ मध्ये यूटा राज्याच्या वाळवंटात डगवे येथे अमेरिकी लष्कराने बर्लिनच्या कामगार वस्तीसारखी घरे बांधली, आगबॉम्बची चाचणी घेण्यासाठी. त्या कामात जर्मनी सोडावी लागलेले ज्यू वास्तुविशारद एरिख मेंडेलसोन होते आणि आतली सजावट हुबेहूब व्हावी म्हणून हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओचे लोक होते. ज्या शहरात नाव कमावले, त्याचीच घरे पुन्हा रचायची, ती नीट जळतात की नाही हे पाहण्यासाठी. परीक्षकांनी कादंबरीतला हा भाग पुन्हा एकदा वाचावा, ही मनापासून विनंती.

आपला,
एक नियमित वाचक