पक्षी पाहणाऱ्या नवख्यांना कोणता कॅमेरा सुचवावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, नवख्या माणसाने पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, या विषयावर नुकताच एक लेख वाचला. प्राथमिक श्रेणीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि दूरचे खूप जवळ आणणारा, खिशात मावणारा सुपरझूम कॅमेरा यांची तुलना करून लेखकाने मिररलेसच्या बाजूने निःसंदिग्ध कौल दिला आहे. मिररलेसचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मोठा असतो, त्याची लेन्स बदलता येते आणि त्याची प्रतिमा स्वच्छ येते, ही त्यांनी दिलेली तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु याच लेखात ‘घरगुती समारंभ, प्रवास आणि पक्षीनिरीक्षण’ अशा तिन्ही हेतूंना एकच उत्तर लागू केले आहे, आणि तिथे माझे मत लेखकापेक्षा वेगळे आहे. पक्ष्यांच्या बाबतीत हा सल्ला जसाच्या तसा पाळला, तर त्याची झळ शेवटी पक्ष्यांनाच लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि गेली अनेक वर्षे हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन भिगवणला जातो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार आपल्या होड्यांतून पक्षीनिरीक्षकांना पाण्यात नेतात. पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, नदी सुरय हे सगळे तिथे दिसतात, तरी बहुतेक लोक येतात ते रोहित (फ्लेमिंगो) पाहायला. तीन वर्षांपूर्वी काही पालकांनी वर्गणी काढून आमच्या निसर्ग मंडळासाठी मिररलेस कॅमेरा आणला. दुकानदाराने त्यांना किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यातच येणाऱ्या साध्या लेन्ससह, तो दिला आणि ‘याने सगळे येते’ असे सांगितले. पहिल्याच फेरीत मुलांनी शंभरेक मीटरवरून फोटो काढले, पडद्यावर पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह मावळला. फोटोत पाणी होते, आभाळ होते आणि मधोमध गुलाबी ठिपक्यांची एक रेघ होती. मग एका मुलाने होडीवाल्या काकांना विनवले, ‘अजून थोडे जवळ घ्या ना.’ काकांनी होडी पुढे घेतली, पुन्हा थोडी घेतली, आणि तिसऱ्या खेपेला सारा थवा उठला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते दृश्य सुंदर वाटले. मला मात्र लाज वाटली, कारण उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खाणारा हा पक्षी दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठवला, तर त्याने खायचे केव्हा?

त्या दिवशी चूक होडीवाल्याची नव्हती आणि मुलांची तर मुळीच नव्हती. त्यांच्या हातात जे साधन दिले होते, ते जवळ गेल्याशिवाय काम करणारच नव्हते. हे मी आकड्यांनी दाखवतो. आपल्या वाचकांना ही तुलना नेमकी ताडून पाहता यावी म्हणून बाजारात सहज परिचित असलेली दोन नावे घेतो: कॅनन ईओएस आर ५० हा प्राथमिक श्रेणीचा मिररलेस आणि कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस हा खिशातला सुपरझूम. एकाच कंपनीचे दोन्ही घेतल्याने तुलनेत कंपनीची बाजू घेतल्याचा प्रश्न उरत नाही.

आर ५० बरोबर येणारी किट लेन्स १८ ते ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची आहे; हा आकडा जितका मोठा, तितका दूरचा पक्षी फोटोत मोठा येतो. या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने तिचा आवाका १.६ ने गुणून मोजतात. म्हणजे जास्तीत जास्त ७२ मिलिमीटर. एसएक्स ७४० चा आवाका त्याच मापाने २४ ते ९६० मिलिमीटर आहे. शंभर मीटरवर उभा असलेला, सव्वा मीटरहून थोडा उंच रोहित किट लेन्सने टिपला, तर फोटोच्या चार हजार बिंदूंच्या (पिक्सेलच्या) उंचीत त्याच्या वाट्याला जेमतेम १५७ बिंदू येतात. तोच पक्षी सुपरझूमने तिथूनच टिपला, तर चौकटीची निम्मी उंची तो व्यापतो आणि १८०० हून अधिक बिंदू त्याला मिळतात. पहिल्या फोटोत तो रोहित आहे एवढे कळते. दुसऱ्यात त्याची चोच गुलाबी असून फक्त टोकाला काळी आहे की जवळजवळ सगळीच गडद आहे, हे दिसते, म्हणजे तो मोठा रोहित की छोटा रोहित हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो. माझ्या दृष्टीने पक्षीनिरीक्षणातला सगळा आनंद या ठरवण्यात आहे.

‘पण सुपरझूमचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यात प्रकाश कुठून येणार?’ असा आक्षेप आपल्या लेखकाने घेतला आहे. तो सर्वत्र खरा असता, तर मी हे पत्र लिहिलेच नसते. एसएक्स ७४० च्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर आहे आणि आर ५० चे सुमारे ३३२. म्हणजे जवळपास बारापट फरक. मात्र पावसात ठेवलेल्या भांड्यात किती पाणी साठेल, हे भांड्याच्या तोंडावर ठरते, पोटावर नाही. दूरच्या एका पक्ष्याकडून कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरेल, हे तसेच लेन्सच्या तोंडावर, म्हणजे तिच्या अ‍ॅपर्चरच्या व्यासावर ठरते. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या एफ आकड्याने भागले की हा व्यास मिळतो. सुपरझूमचे प्रत्यक्ष (३५ मिलिमीटरच्या मापात न बदललेले) नाभीय अंतर पूर्ण झूमवर १७२ मिलिमीटर आणि आकडा एफ ६.९, म्हणजे व्यास सुमारे २५ मिलिमीटर. किट लेन्सचा ४५ ला एफ ६.३, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. म्हणून तेवढ्याच अंतरावरून आणि तेवढ्याच शटर वेळात, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या रोहिताचा प्रकाश लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या बाराव्या हिश्श्याएवढाच शिरतो. मोठा सेन्सर आहे, पण त्याचा बहुतेक भाग पाणी आणि आभाळ टिपण्यात खर्ची पडतो.

आता दुसऱ्या लेन्सचा विचार केला पाहिजे, कारण मिररलेसची खरी ताकद तिथेच आहे आणि ती मला कमी लेखायची नाही. आर ५० दोन लेन्सच्या संचातही मिळतो. त्यातली ५५ ते २१० मिलिमीटरची लेन्स ३३६ मिलिमीटरपर्यंत पोहोचते. तिचा व्यास टोकाला सुमारे ३० मिलिमीटर भरतो. म्हणजे पक्ष्याचा प्रकाश सुपरझूमपेक्षा सुमारे दीडपटच, पण बिंदू आकाराने मोठे आणि स्वच्छ, आणि पक्ष्याच्या वाट्याला ७३० च्या आसपास. हा पर्याय निवडणाऱ्याला मी अडवणार नाही. १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स घेतली, तर प्रश्नच मिटतो: तिचा व्यास ५० मिलिमीटर आहे, म्हणजे सुपरझूमच्या चौपट प्रकाश, आणि आवाका ६४० मिलिमीटर. मात्र त्या लेन्ससाठी जवळजवळ कॅमेऱ्याएवढाच खर्च पुन्हा करावा लागतो. शिवाय कॅमेरा व लेन्स मिळून वजन एक किलोच्या वर जाते, तर सुपरझूम ३०० ग्रॅममध्ये संपतो. एका शिक्षकाच्या किंवा महाविद्यालयीन मुलीच्या बजेटमध्ये हा दुसरा खर्च बहुधा ‘पुढच्या वर्षी’वर ढकलला जातो. ते पुढचे वर्ष येईपर्यंत हाती किट लेन्सच असते आणि होडी पुढे पुढे सरकत राहते.

सुपरझूमच्या मर्यादाही मी लपवत नाही. एफ ६.९ वर प्रकाश अ‍ॅपर्चरच्या कडेने पसरतो आणि प्रत्येक बिंदूची प्रतिमा शेजारच्या अनेक बिंदूंवर सांडते. त्यामुळे पूर्ण झूमवरचे त्याचे २ कोटी बिंदू म्हणजे २ कोटी तपशील नव्हेत. वर सांगितलेल्या १८०० बिंदूंतला बराच भाग असा मऊ असतो. पक्ष्याची ओळख पटायला तो पुरतो, पिसांचा पोत पाहायला पुरत नाही. उन्हे वर आल्यावर पाण्यावरची हवा तरळू लागते, तेव्हा कोणत्याही कॅमेऱ्याचे दूरचे फोटो वितळल्यासारखे येतात, आणि झूम जितका जास्त तितके ते अधिक जाणवते. उडणारा पक्षी टिपायचा असेल, तर सुपरझूमचा फोकस मागे पडतो. आर ५० पक्ष्याला ओळखून त्याचा पाठलाग करतो. तो अनुभव मी घेतला आहे आणि तो विलक्षण आहे. एसएक्स ७४० ला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, म्हणून तो हात लांब करून धरावा लागतो, आणि ९६० मिलिमीटरवर हाताचा प्रत्येक कंप चौकटीत दिसतो. आम्ही कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून ती होडीच्या काठावर ठेवतो आणि कॅमेरा तिच्यावर टेकवतो. शिवाय कोपर छातीशी घट्ट लावायला मुलांना शिकवतो. सोनीच्या एचएक्स ९९ ला वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे आणि तो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेले मूळ फोटोही देतो, पण त्याचा आवाका ७२० मिलिमीटरवर थांबतो. ज्याला पुढे स्वतः फोटो संस्कारित करायचे आहेत, त्याने एसएक्स ७४० रॉ देत नाही हे आधीच जाणून घ्यावे.

घरातल्या समारंभाबाबत आपल्या लेखकाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मंगल कार्यालयात, देवघरातल्या समईच्या उजेडात, संध्याकाळच्या ओसरीवर सुपरझूम हतबल होतो. तिथे माणसे चौकट भरून असतात, झूम लागत नाही, आणि झूम न करता त्याच्या लेन्सचे तोंड सव्वा मिलिमीटरचे असते, तर किट लेन्सचे चार मिलिमीटरचे. नऊपट प्रकाशाचा हा फरक फोटोतल्या रवाळपणात लगेच दिसतो. तिथे ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स लावली, तर त्याच कॅमेऱ्यातून आजीच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती जिवंत उतरते. ज्यांचे नव्वद टक्के फोटो घरच्यांचे असणार, त्यांनी मिररलेसच घ्यावा.

दुकानांविषयीही एक तक्रार नोंदवतो. ‘४० एक्स’ हा आकडा सांगून सुपरझूम विकतात आणि ‘२४ मेगापिक्सेल’ सांगून मिररलेस विकतात. दोन्ही आकडे ग्राहकाला अंधारात ठेवतात. ‘एक्स’ म्हणजे डोळ्याला दिसते त्याच्या इतकी पट, असे लोक समजतात. प्रत्यक्षात तो लेन्सच्या सर्वांत मोठ्या नाभीय अंतराचा सर्वांत लहानाशी असलेला भागाकार आहे. १०० ते ४०० ची लेन्स फक्त ‘४ एक्स’ ठरते, तरी ती ‘४० एक्स’वाल्याच्या दोनतृतीयांश अंतरापर्यंत पोहोचते. शिवाय काही दुकानांत ऑप्टिकल झूमच्या आकड्याला डिजिटल झूमने गुणून मोठा आकडा सांगितला जातो. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा तुकडा कापून मोठा करणे, त्यात नवा तपशील येत नाही. आमच्या मंडळाच्या पालकांना कोणीतरी ‘तुम्ही कशाचे फोटो काढणार?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर वर्गणीचे पैसे योग्य ठिकाणी लागले असते.

भिगवणच्या त्या फेरीनंतरच्या वर्षी आम्ही एक वापरलेला सुपरझूम मिळवला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो, तेव्हा तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणी महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले. तिथे आम्ही निरीक्षण मनोऱ्यावरूनच पाहत होतो, म्हणून जवळ जाण्याचा मोह कुणाला झाला तरी वाट नव्हती. मनोऱ्यावर नऊ मुले होती, पाण्याच्या पलीकडच्या काठावर राखी बगळे उभे होते, आणि एका मुलीने तिथूनच बगळ्याच्या चोचीतला मासा टिपला. बगळ्याने मान वळवूनही आमच्याकडे पाहिले नाही.

मिररलेस कॅमेरा आता आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वापरला जातो आणि तिथे तो उत्तम काम करतो. आपण पुढच्या वेळी असा तुलनात्मक लेख छापाल, तेव्हा मेगापिक्सेल आणि एक्सबरोबर तीन आकडे अवश्य द्यावेत, ही विनंती आहे: ३५ मिलिमीटरच्या मापात लेन्सचा दूरचा आवाका, त्या टोकाचा एफ आकडा आणि सेन्सरचे क्षेत्रफळ. आणि थंडी सुरू होण्याआधी, भिगवणला जाणाऱ्या वाचकांसाठी रोहितांपासून होडी किती दूर ठेवावी यावर होडीवाल्यांशी बोलून एखादा लेख प्रसिद्ध केलात, तर मच्छीमार आणि पर्यटक दोघांनाही तो उपयोगी पडेल. त्यासाठी आमच्या मुलांनी गेल्या दोन हिवाळ्यांत वहीत टिपून ठेवलेल्या, थवा किती अंतरावरून उठला याच्या नोंदी मी आनंदाने पाठवीन.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, इंदापूर तालुका