पोत्यातला बर्फ

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा दोनदा वाचली. गोठलेल्या वाड्याचा प्रसंग फार छान उतरलाय. एवढा बर्फ आणायचा कुठून, असं तू विचारलंस. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आण भावा. जाडं मीठ, पोत्यानं.

खऱ्या बर्फाच्या मागं लागू नकोस. त्यात एकदा पाऊल उमटलं की दुसऱ्या टेकला ते पुसता येत नाही, आणि ऊन चढलं की चिखल. 'डॉक्टर झिवागो'तला (१९६५) रशियाचा हिवाळा बराचसा स्पेनमध्ये उभा केला होता, संगमरवराची पूड आणि मेण वापरून.

मिठाचा हिशेब असा. दहा बाय दहा फुटांवर दोन सेंटिमीटर थर द्यायचा तर सव्वादोनशे किलोच्या आसपास मीठ लागतं. पण सगळीकडं ओतायची गरजच नाही. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यातली चार बाय चार फुटांची जागा तेवढी डोळा बारकाईनं बघतो, आणि तिथं पस्तीस-छत्तीस किलोत भागतं. मीठच का? त्याचा खडा अर्धपारदर्शक असतो. उजेड आत शिरतो, फिरतो आणि बाहेर येतो, हिमात होतं तसंच. मैदा किंवा चुना नुसता पांढरा दिसतो, त्यात जीव नसतो. शिवाय उडालेला मैदा मशालीजवळ भडकतो आणि चुना डोळ्यात गेला तर इजा करतो, म्हणून ते दोन्ही सेटवर नकोतच.

मागच्या भागात मांजरपाट अंथर. कोरं मांजरपाट पिवळट असतं, मिठाशेजारी लगेच उघडं पडतं. धुऊन, नीळ देऊन घे. खाली भुश्याची पोती कमीजास्त उंचीवर ठेव, नाहीतर चादर अंथरल्यागत दिसेल. कापड संपून मीठ सुरू होतं ती कड मुठीमुठीनं मीठ टाकून मोडून काढ.

आता वारा. सेट लावायच्या आधी त्याची एक दिशा ठरव आणि मग ती सोडू नकोस. वारा पश्चिमेचा ठरला तर प्रत्येक खांबाच्या, फांदीच्या, कट्ट्याच्या पश्चिम अंगालाच बर्फ थापलेला हवा. चारी बाजूंनी सारखा बर्फ लावला की केकवरचं क्रीम दिसतं. माझ्या मते बर्फाचे बहुतेक सेट इथंच फसतात.

मीठ उघड्या मातीवर पडू देऊ नकोस, जमीन नासते. खाली ताडपत्री, वर मीठ, आणि संपलं की परत पोत्यात. लाइटच्या स्टँडचे पाय प्लॅस्टिकनं बांध, मीठ लोखंड खातं. आणि पावसाळ्यात हे काम काढूच नकोस. आपल्याकडच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटतं आणि तासाभरात बर्फाचा चिखल दिसायला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

हातात घेऊन उधळायच्या बर्फासाठी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पावडर मिळते, लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच. पाणी थोडं थोडं घाल, फुलून मोकळी झाली की थांब, जास्त झालं तर लगदा होतो. बोअरच्या जड पाण्यात नीट फुलत नाही. मिठाजवळ तर तिला फिरकूही देऊ नकोस. मीठ तिच्यातलं पाणी ओढून काढतं आणि बघता बघता ती बसते. कोरडी पावडर मिसळताना नाकातोंडाला फडकं बांध. 'विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये (१९३९) बर्फ म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस उधळला होता, असं सांगतात. त्यामुळं कुठलीही पांढरी पूड माणसांवर टाकण्याआधी ती काय आहे हे विचारायचंच.

खिडकीच्या काचेवरचं गोठलेलं दहिवर सगळ्यात सोपं. कढत पाण्यात विरघळेल तेवढं एप्सम सॉल्ट घाल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाक आणि ब्रशनं कडांकडून मधे लाव. वाळता वाळता स्फटिकांच्या सुया फुटतात. पंखा लावून घाई केलीस तर बारीक पांढरी धूळ बसेल, सुया यायच्या नाहीत.

उजेडाबद्दल सांगतो. कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्या फ्रेमला राखाडी करून ठेवतं, म्हणून लेन्स एक ते दीड स्टॉप जास्त उघड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). बर्फावरच्या सावल्या निळसर असतात, कारण तिथं सूर्य पोचत नाही, फक्त आभाळ पोचतं. तेव्हा मुख्य उजेड किंचित उबदार ठेव आणि सावल्यांत भरायचा उजेड निळा. अख्खी फ्रेम निळी केलीस तर थंडी न वाटता रात्र वाटेल. दुपारच्या उन्हातल्या आखूड सावल्या तर सगळंच खोटं पाडतात.

लांबचे डोंगर संगणकावर करायचा तुझा विचार आहे, पण मला रंगवलेला पडदाच हवा वाटतो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवत सिनेमात आले. ते ज्ञान या गावात आहे, ते वापर. जितका डोंगर लांब तितका फिका आणि आभाळाच्या रंगाजवळ. पडदा कॅमेऱ्याच्या फोकसमधून थोडा बाहेर राहू दे.

तोंडातून निघणारी वाफ मात्र इथल्या थंडीत भरवशाची नाही. क्लोज-अप शीतगृहात घे. 'लॉस्ट होरायझन'चे (१९३७) हिमप्रसंग असेच शीतगृहात घेतले होते. कॅमेरा बाहेर आणताना आतच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद कर आणि बाहेर आल्यावर तासभर उघडू नकोस, नाहीतर लेन्सवर पाणी धरेल.

मिठावर चालल्याचा आवाज वाळूसारखा येतो, तो ठेवू नकोस. चप्पल लाइनमध्ये मऊ चामड्याची पिशवी शिवून घे, तिच्यात अर्धा किलो कॉर्नफ्लोअर भर, तोंड बांध आणि माइकजवळ पावलाच्या तालात दाब. ताज्या बर्फाचा तोच करकर आवाज येतो.

पहिल्या शॉटची लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची कळव. कॅमेऱ्यापुढची पट्टी किती रुंद लागेल ते मोजून मिठाचा आकडा पाठवतो.

तुझाच,
मित्र