पेसमेकर चालून तपासतात, सायकलवर कोण तपासणार?

महोदय,

पेसमेकर बसवून घरी सोडताना रुग्णालयातून जो कागद मिळतो, त्यावर बहुतेक सगळे ‘नको’च असते. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर नेऊ नका, मोबाइल यंत्रापासून वीतभर लांब ठेवा, वेल्डिंग चालू असेल तिथे थांबू नका, एमआरआय सांगितला तर आधी कार्ड दाखवा. हे योग्यच आहे आणि मी ते पाळते. करण्याजोग्या गोष्टींत मात्र माझ्या कागदावर एकच वाक्य होते: ‘चालण्यास हरकत नाही.’

मी सायकलवाली. डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवायचे, त्या काळातल्या पुण्यात माझी शाळा, कॉलेज आणि पुढे टेलिफोन खात्यातली नोकरी सायकलवरच झाली. निवृत्तीनंतरही कोथरूडहून डेक्कनला रिक्षा करायची वेळ क्वचितच आली. हृदयाला ठोका देणारा सायनस नोड थकला, नाडी चाळिशीत घसरू लागली, उभ्याउभ्या चक्कर यायला लागली, तेव्हा पेसमेकर बसला. तारा आत पक्क्या झाल्यावर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. सपाटीवर काही त्रास नव्हता. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढायला लागले की मात्र अर्ध्या वाटेत पाय शिशाचे व्हायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मुलाच्या छातीला बांधायच्या पट्ट्यावर नाडी बघितली. धाप लागलेली आणि आकडा ७८! घरात लगेच ठराव पास: आई, आता सायकल विकून टाक.

तपासणीला गेले. बॅटरी उत्तम, तारा उत्तम. पेसमेकर तपासायला कंपनीचा माणूस येतो, त्याने मला कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारायला लावल्या. नाडी झकास १०५ वर गेली. ‘मशीन एकदम ओके आहे, मॅडम.’ म्हणजे दोष वयाचा! हा निष्कर्ष पुण्यात कोणालाही फुकट मिळतो.

खरी गोम पुढे कळली. माझ्यासारख्यांची नाडी श्रमाबरोबर आपोआप वाढत नाही, ती यंत्राने वाढवायची असते. ते काम अनेक पेसमेकरमध्ये अॅक्सिलरोमीटर करतो. छाती किती हलते आहे, एवढेच त्याला कळते. चालताना धड हलते, म्हणून कॉरिडॉरमध्ये सगळे ठीक दिसते. सायकलवर पाय राबतात आणि धड जवळजवळ स्थिर असते. चढावर वेग कमी झाला की हादरेही कमी होतात, त्यामुळे यंत्राला वाटते बाई खुर्चीत बसल्या आहेत. उलट, पेव्हर ब्लॉक आणि रम्बलर स्ट्रिपवरून पॅडल न मारता उतरताना छाती गदागदा हलते आणि नाडी वाढते. चढावर कमी, उतारावर जास्त. पुण्याच्या रस्त्यांचा असा हिशेब कोणत्याही यंत्राला शिकवलेला नसणार.

डॉक्टरांना मी हे जसेच्या तसे सांगितले तेव्हा त्यांनी मला फिजिओथेरपी विभागातल्या जागच्या सायकलवर बसवले आणि पडद्यावर नाडी बघितली. मी घामाघूम, रेषा ढिम्म. मग उलगडा झाला की माझ्या यंत्रात श्वासाच्या गतीवरून श्रम ओळखणारा दुसरा सेन्सर आहे आणि तो बंदच ठेवलेला आहे. पैसे त्याचेही मोजले होते! तो चालू केला, पहिल्याची संवेदनशीलता थोडी बदलली. सुईसुद्धा टोचली नाही, सगळे बाहेरूनच. आता चांदणी चौकाचा चढ मी सावकाश पण न उतरता चढते.

प्रत्येकाचे उत्तर हेच असेल असे नाही. ज्यांचा सायनस नोड ठीक आहे पण ठोका हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचत नाही, त्यांच्या बाबतीत यंत्र हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यामागे धावते. तिथे यंत्र नाडी किती ठोक्यांपर्यंत वाढू देईल, ती वरची मर्यादा कितीवर लावली आहे हा प्रश्न येतो. ती फार खाली असेल तर ऐन चढावर नाडी एकदम पडू शकते. शॉक देणारे यंत्र म्हणजे आयसीडी असेल तर सावधगिरी आणखी वेगळी. कोणत्या नाडीला यंत्र जागे होते, तो आकडा डॉक्टरांकडून माहीत करून घेतल्याशिवाय आणि त्यांची परवानगी असल्याशिवाय पॅडलवर पाय ठेवू नये. श्रमाने वाढलेली नाडी यंत्राला आजाराची वाटून शॉक बसू शकतो, आणि रहदारीत तो बसणे म्हणजे काय हे सांगायला नको.

हौशी उपदेशकांसाठी एक माहिती. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे यंत्रे बदलत बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले, ते बसवणाऱ्या सर्जनपेक्षा आणि बनवणाऱ्या इंजिनिअरपेक्षाही जास्त. त्यामुळे ‘आता जपून’ म्हणत मला सोफ्यावर बसवू पाहणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

शहरातल्या हृदयरोग विभागांना माझी विनंती साधी आहे. पेसमेकर तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवा: रुग्ण काय करतो? सायकल, पोहणे, जिने, शेती, जे असेल ते. फिजिओथेरपीची सायकल बहुतेक ठिकाणी एखाद्या मजल्याच्या अंतरावर असतेच, कॉरिडॉरच्या फेऱ्यांनंतर पाच मिनिटे तिच्यावरही बसवा. आणि आम्हाला जे ओळखपत्र देता, त्यावर मॉडेल व सिरियल नंबरच्या शेजारी यंत्रात कोणते सेन्सर आहेत, त्यातले कोणते चालू आहेत आणि वरची मर्यादा किती, हेही मराठीत लिहा.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
कोथरूड, पुणे