बाबा, माग बंद पडले तेव्हाचं सांगाल?

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

गेला महिनाभर भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी ‘तमस’ वाचत होते. रोज रात्री थोडी थोडी, एका दमात वाचवतच नाही. सुरुवातीलाच कातडी कमावणारा नत्थू एका कोंदट खोलीत डुक्कर मारायला धडपडतोय. ते काही केल्या मरत नाही, कोनाड्यातला दिवा विझायला आलाय. मुराद अलीने पाच रुपये हातावर ठेवून सांगितलेलं असतं, जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना हवंय. सकाळी मशिदीच्या पायरीवर मेलेलं डुक्कर सापडतं आणि गाव पेटतं. नत्थूला कळतं आपल्या हातून काय करवून घेतलं, पण बायकोशिवाय सांगणार कुणाला? त्याची ती घुसमट मला अजून सोडत नाही.

साहनी मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७च्या दंगलीनंतर काँग्रेसच्या मदत समितीत काम करताना त्यांनी हे सगळं जवळून पाहिलं. कादंबरी मात्र लिहायला घेतली तेवीस वर्षांनी. ती कशामुळे, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. मे १९७०च्या दंगलीनंतर ते भाऊ बलराज साहनींबरोबर आपल्या भिवंडीत आले होते. आपले ओसाड मोहल्ले बघताना त्यांना रावळपिंडी आठवली. दिल्लीला परतल्यावर त्यांनी लिहायला घेतलं.

बाबा, तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात. मला एवढंच ठाऊक आहे.

लहानपणी मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. रात्रभर यंत्रमागांची खटखट चालू असली तरी तुम्ही गाढ झोपायचात. लाइट गेली, माग थांबले की आम्हाला शांत झोप लागायची आणि तुम्ही मात्र उठून बसायचात. दाराची कडी बघायचात, खिडकीशी उभे राहायचात. खटखट पुन्हा सुरू झाली की मगच आडवे व्हायचात. मला वाटायचं, उकाड्याने उठत असाल. आता वाटतं, कर्फ्यूत असेच माग बंद पडले असतील ना?

आई, तू एकदा सांगितलं होतंस की १९८८ साली शेजाऱ्यांकडे टीव्हीवर ‘तमस’ बघताना बाबा मध्येच उठून गेले आणि तुला राग आला होता. त्यातले म्हातारे हरनामसिंग आठवतात? बायकोला घेऊन रात्रभर चालत जाऊन अनोळखी दार वाजवतात, ते? ते काम स्वतः साहनींनी केलं होतं. ज्या घरातली राजो त्यांना आत घेते, त्याच घरातले पुरुष लुटीला गेलेले असतात आणि त्यांचीच ट्रंक घेऊन येतात. आई, राजोची पानं मी तीनदा वाचली. तिला भीती वाटते, सून कुरकुरते, तरी ती दार लावून घेत नाही. साहनींनी या बाईला कुठेही देवी केलं नाही, म्हणून ती मला इतकी खरी वाटते.

बाबा, त्या दंगलीवर मादन चौकशी आयोगाचा जाडजूड अहवाल आहे. पण बारा वर्षांच्या मुलाने खिडकीच्या फटीतून काय पाहिलं, ते त्यात कुठून येणार? मी कादंबरी लिहायला निघालेली नाही. तुम्ही सांगितलेलं कुणाला दाखवणारही नाही. पण पंचावन्न वर्षं तुम्ही हे एकट्याने सांभाळताय, आणि मी तुमची मुलगी असून कधी विचारलंसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. सांगावंसं वाटलं तर सांगा. नसेल सांगायचं तर मी नुसती शेजारी बसेन.

दिवाळीच्या चार दिवस आधी येते आहे. गुडघ्याचं तेल घेतलंय, चष्म्याचा नंबर तेवढा कळवा.

आणि आई, मी आल्यावर रात्री लाइट गेली तर मला उठव.

तुमची,
मनू