डॉक्टर येईपर्यंत

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

केसपेपर काढायचे, नंबर लावायचे, पैसे घ्यायचे, एवढंच काम आहे म्हणालीस. एक राहिलं. बाकड्यावरचा माणूस कोसळला तर तो आधी तुला दिसेल. डॉक्टर आत कोणाला टाके घालत असतील, नाहीतर घरी जेवायला गेले असतील. ती चार-पाच मिनिटं तुझीच. म्हणून हे नीट वाच आणि मग हातानं शीक, कारण नुसतं वाचून हे येत नाही.

कोणी कोसळलं की लोक पाणी शिंपडतात, कांदा हुंगवतात. त्यात वेळ घालवू देऊ नको. खांदे हलव, मोठ्यानं हाक मार. काहीच उत्तर नाही, तर छातीकडे बघ, जास्तीत जास्त १० सेकंद. श्वास नाही, किंवा पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं तोंड अधूनमधून उघडतं आहे, तर हृदय थांबलं असंच धर. सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकतात. 'श्वास चालू आहे ना' म्हणून बघत राहतात. ते आचके असतात, श्वास नव्हे. नाडी शोधायच्या भानगडीत पडू नको, घाबरलेल्या बोटाला स्वतःचीच नाडी लागते. डॉक्टरांना हाक मार आणि समोरच्या एकाला धरून सांग, 'काका, तुम्ही १०८ लावा.' सगळ्यांना मिळून सांगितलं तर कोणीच लावत नाही.

माणूस तपासणीच्या पलंगावर असेल तर खाली फरशीवर घे. गादीवर दाबलं की गादी दबते, छाती नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याचं मनगटाकडचं बूड ठेव, त्यावर दुसरा हात, बोटं वर उचललेली. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडातून नाही, कमरेतून आला पाहिजे. खोली ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नको. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं, तू अंग टेकून राहिलीस तर अर्धंच भरेल. मोठ्यानं मोज. ३० दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत. १२ सेकंदांत झाले तर घाई होते आहे, आणि घाईत खोली हमखास कमी पडते.

मिनिटभरानंतर दाब हलके होतात, आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, 'मी थकले नाही' असं वाटत असलं तरी. बदलताना १० सेकंदांपेक्षा जास्त खंड नको. बरगडी कट्कन वाजली तर हात जागेवर आहे का बघ आणि चालू ठेव. बरगडी पुढे जुळते.

३० दाबांनंतर अँबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या रबरी पिशवीनं, २ श्वास. मास्कचं निमुळतं टोक नाकाच्या हाडावर, रुंद बाजू ओठाखालच्या खळीत. अंगठा आणि तर्जनीनं मास्क धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर ओढून मास्कला भिडवायचा. नवशिके मास्कच तोंडावर दाबतात, मग जीभ मागे जाते आणि घसा बंद होतो. बॅग सेकंदभर, छाती जेमतेम उचलेल इतकीच दाब. जास्त हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. बॅग हाताशी नसेल तर नुसते दाब देत राहा. सामान्य माणसासाठी भारतीय पद्धतही तीच आहे, तिला कॉल्स म्हणतात. पण लहान मूल, किंवा विहिरीतून, शेततळ्यातून काढलेलं कोणी असेल तर श्वास टाळू नको, तिथे हवाच कमी पडलेली असते. मुलाची छाती एक तृतीयांश दाबायची. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर छातीभोवती दोन्ही हात धरून दोन अंगठ्यांनी, ४ सेंटिमीटर.

शॉक देणारं यंत्र आलं तर ते बोलून सांगतं तसं कर. एक पॅड उजव्या हंसळीखाली, दुसरा डाव्या काखेखाली. घामानं भिजलेली छाती दुपट्ट्यानं पुसल्याशिवाय पॅड चिकटत नाही.

रोज दिसेल ते मात्र दुसरंच. इंजेक्शन घेतलं, चेहरा पांढरा पडला, घाम आला, माणूस घसरला. त्याला झोपव, पाय वर कर. मिनिट-दोन मिनिटांत डोळे उघडतो. तेच जर अंगावर गांधी, ओठ सुजलेले, आवाज घोगरा, छातीत शिट्टी असं दिसलं, तर ती घेरी नव्हे, इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन. याला औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. लागलं तर ५ मिनिटांनी पुन्हा. ते डॉक्टर देतील, पण अँप्युल आणि सिरिंज त्यांच्या हातात तू द्यायचीस. खूप ठिकाणी आधी एविल-डेक्सा ही अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देऊन वाट बघतात, त्यानं घसा वेळेत उघडत नाही. अशा पेशंटला उठवून बसवू नको, चालवू तर मुळीच नको, बीपी एकदम कोसळतं. दम लागत असेल तर टेकून बसू दे. अ‍ॅड्रेनलिनचा रंग तपकिरी झाला असेल तर ती अँप्युल फेक. आणि इंजेक्शन झालेल्याला अर्धा तास बसवून ठेव, काळीपिवळी सुटते म्हणून कितीही घाई करो.

सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला येणारे घरून गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघतात. थरथर, घाम, असंबद्ध बोलणं दिसलं की शुगर बघ. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर पाण्यात ३ चमचे साखर. १५ मिनिटांनी पुन्हा मोज. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. फिटचा झटका आलेल्याच्याही नाही, चमचासुद्धा. घड्याळ बघ, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, थांबलं की कुशीवर कर. ५ मिनिटांपुढे चाललं तर १०८.

फवारणीच्या दिवसांत सावध राहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, ते आठव. तोंडाला लाळ, भरपूर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की आधी हातमोजे घाल. त्याचे कपडे काढून पिशवीत बांध, अंग, केस, नखं साबणानं धू. नुसतं तोंड पुसून आत नेलं तर कपड्यांतून विष अंगात जातच राहतं. उलटी करवू नको, मीठपाणी नको. तोंडानं श्वास देणं तर नाहीच, अँबू वापर. नातेवाइकाला वावरातून औषधाची बाटली आणायला पाठव.

साप चावलेल्याच्या अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढ, सूज चढली की निघत नाहीत. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेव. दोरी, चिरा, चोखणं काही नको. कोणी दोरी आवळूनच आणलं असेल तर डॉक्टर जवळ आल्याशिवाय सोडू नको, अडलेलं विष एकदम अंगात पसरतं. घोणस, म्हणजे आपली परड, चावली की दुखतं, सुजतं. मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते, खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. त्याला सगळं ऐकू येत असतं, फक्त हलता येत नाही. त्याला सर्पविषावरचं प्रतिविष देणारं इस्पितळ गाठेपर्यंत अँबू बॅगनं श्वास देणारे हात थांबले नाहीत, तर माणूस वाचतो.

डमीवर सराव केल्याशिवाय यातलं काही खरं नाही. मेडिकल कॉलेजात भूलशास्त्र विभागाकडे शिबिराचं विचार. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, हात मात्र तीन-सहा महिन्यांत विसरतो. मधे घट्ट रुईच्या उशीवर निदान मोजणीचा सराव ठेव.

दर सोमवारी दार उघडल्यावर ऑक्सिजनचा काटा बघ. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात १५०० लिटर असतो, मिनिटाला १० लिटरनं अडीच तास पुरतो. उघडायची चावी सिलिंडरलाच साखळीनं बांध, ऐन वेळी तीच सापडत नाही. रेग्युलेटरला तेलाचा हात लावू नको, पेट घेतो. फोनजवळ दवाखान्याचा पत्ता गाडीवाल्याला कळेल असा लिहून चिकटव, जवळच्या चौकाच्या, सोसायटीच्या नावासकट. आणि दारासमोर मोटरसायकली लावू देऊ नको, स्ट्रेचर वळत नाही.

तुझी,
आई